दाजींचा कान आणि डॉक्टरांचा कॅम

गॅरेजात किस्से साठतात ते जुन्या नटबोल्टांसारखे. मुद्दाम कुणी जपत नाही, पण फेकवतही नाहीत. डबा भरत जातो, आणि मग एखाद्या दिवशी भलतंच काही शोधताना ते बोटांना टोचतात.

माझा डबा अंधेरीच्या एका पत्र्याच्या गॅरेजात भरला. वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते होतं. मालक घाटकोपरला राहणारे एक शेठ. ते फक्त शनिवारी यायचे. एरवी गॅरेज दाजी मिस्त्रींचं. दाजी मूळचे मालवणकडचे, साठीला टेकलेले. मी नुकताच बी.एस्सी. झालेलो. वडिलांनी फोर्टातल्या एका हपिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तो मी मोडला आणि इंजिनं शिकायला दाजींच्या हाताखाली गेलो. दाजींनी पहिल्याच दिवशी माझं नाव टाकून दिलं. ते मला 'बीएस्सी' म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे.

आमच्याकडे हौशी लोकांच्या गाड्या यायच्या. रविवारी जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत पळायच्या आणि सोमवारी मुकाट हपिसला जायच्या. या लोकांना एकच वेड, कॅम बदलायचा. इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरत असतो. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, ते झडपा उघडतात. उंचवटा कसा घडवलाय त्यावर अख्ख्या गाडीचा स्वभाव ठरतो. तो दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. कंपनीचा काढून त्या जागी बाहेरचा कोणता घालायचा, हे दाजी ठरवायचे. पुस्तक नाही, मोजमाप नाही. इंजिनावर एक लांब पेचकस टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा.

मी तिथे होतो त्या दोन वर्षांत दाजींचा कान गेला. तो गेल्याचं आम्हा प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी कळलं आणि कुणीच कुणाला सांगितलं नाही. कारण कान गेला म्हणजे दाजी गेले, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

*

कॅमची विलायती नावं दाजींच्या तोंडात बसत नसत. त्यांच्या लेखी जगात कॅम दोनच. एक सासुरवाशीण, एक माहेरवाशीण.

"सासुरवाशीण पहाटे उठता, हूं का चूं करीत नाय, दिवसभर राबता," ते गिऱ्हाइकाला समजावायचे. "माहेरवाशीण उन्हां वर येईसर उठूची नाय. उठली तरी धुसफूस. पण एकदा रंगात इली काय मगे तिच्यासारखी तीच."

मला हे ऐकवत नसे. मी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं आकृती काढून सांगितलं, की एका कॅममध्ये झडप थोडा वेळ उघडी राहते, म्हणून गाडी सावकाश चालवताना गुळगुळीत. दुसऱ्यात जास्त वेळ उघडी राहते, म्हणून वेगात ताकद आणि उभ्या गाडीत थरथर. दाजींनी फळा शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे सासुरवाशीण आणि माहेरवाशीणच ना?"

एकदा बोरीवलीचे एक वकील आले. त्यांना शर्यतीचाच कॅम हवा होता, शेजाऱ्यानं घातला म्हणून.

दाजींनी विचारलं, "बाजूक कोण बसता?"

"आमची मंडळी."

"वाटेत रेल्वेची फाटकां किती?"

"दोन."

"शर्यतीत किती वेळा पळवलास?"

"अजून तरी नाही."

दाजींनी दिवसभर खपून कॅम काढला, रॉकेलनं धुतला, पुसला, आणि तोच परत घातला. संध्याकाळी वकील एक चक्कर मारून आले ते घामाघूम आणि खूश. "काय उचलते हो आता!"

ते गेल्यावर मी म्हणालो, "दाजी, ही फसवणूक झाली."

"माका कोणी विचारल्यान, कुठलो घातलंय म्हणून?"

गाडी चांगली झाली की दाजींची स्तुती ठरलेली असायची. नवा कॅम बसवला, सेल्फचं बटण ओढलं आणि पहिल्याच झटक्यात इंजिन जागं झालं, तर "एका सेल्फात उठली," एवढंच. तेही ते स्वतःच्या हातालाच म्हणायचे. मी बसवलेल्या कॅमला त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं. ते एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी काय काय केलं, त्यातलाच पुढचा किस्सा.

*

मी ठरवलं, विलायतेहून कॅम मागवायचा नाही. कुर्ल्याच्या एका लेथवाल्याला गाठलं. जुन्या कॅमच्या उंचवट्यांवर वेल्डिंगनं धातू चढवून, कानशीनं घासून आम्ही आमचा स्वतःचा कॅम केला. तो गॅरेजच्या जुन्या व्हॅनमध्ये बसवण्यापूर्वी मी छोटंसं भाषणही केलं. देश स्वतंत्र होऊन इतकी वर्षं झाली, आपण धरणं बांधतोय, आणि साधा कॅम आपल्याला बाहेरून आणावा लागतो, वगैरे. दाजी विडी ओढत ऐकत होते.

व्हॅन धावली. पाच दिवस धावली. सहाव्या दिवशी जोगेश्वरीच्या चढावर फुसफुसली आणि बसली. आम्ही दोघांनी ती ढकलत अंधेरीला आणली. कॅम काढून पाहिला तर उंचवटे झिजून लाडूसारखे गोल.

दाजींनी तो हातात फिरवला. "देश स्वतंत्र झालो, बीएस्सी. पोलाद अजून नरम आसा."

मग थोड्या वेळानं, माझं तोंड पाहून असावं, म्हणाले, "पाच दिवस चललो. माझो पयलो दोन दिवस चललेलो."

*

डॉक्टर प्रधानांची गाडी हिरवी होती. विलायती, दोनच माणसांची, टपाला कापड. अंधेरीत त्यांचा दवाखाना. याच गाडीतून ते वेसावा, मरोळ, जोगेश्वरीपर्यंत घरोघर पेशंट पाहायला जात आणि याच गाडीतून रविवारी जुहूला शर्यतीत उतरत. दाजींशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देत नसत. वर्षानुवर्षं दर महिन्याला गाडी यायची. बिघडलेली नसली तरी यायची.

एका सकाळी गाडी अंगणात चालू होती. कंपनीचाच कॅम होता तेव्हा, इंजिन अगदी शांत. डॉक्टर पलीकडे उभे राहून माझ्याशी बोलत होते. दाजी आत बसले आणि त्यांनी सेल्फ ओढला.

चालू गाडीचा सेल्फ ओढला की चाकांचे दाते एकमेकांवर घासून जो आवाज होतो, तो ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. खर्रर्र. पलीकडच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. दाजींनी पुन्हा ओढला. पुन्हा खर्रर्र.

"उठत नाय ती," दाजी म्हणाले.

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं, नाडी बघताना धरतात तसं, आणि सोडलंच नाही. दाजींची नजर मग समोरच्या काट्यांवर गेली. तेलाच्या दाबाचा काटा वर होता, म्हणजे इंजिन चालूच होतं. ते तसेच बसून राहिले. मग सावकाश उतरले, फडक्यानं हात पुसले, आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "सेल्फ तपासूक होयो."

डॉक्टर म्हणाले, "हो, मलाही वाटलंच."

*

झडपांच्या टोकाशी एक बारीकशी फट ठेवावी लागते. ती जास्त झाली की इंजिन टिकटिक करतं, घड्याळासारखं. दाजी ती फट आवाजावर बसवायचे. टिकटिक थांबली की झालं. आता त्यांना ती मुळातच ऐकू येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक गाडी लगेच बरोबर व्हायची. आणि टिकटिकत बाहेर पडायची.

दाजी दुपारी जेवायला घरी जात. तेवढ्यात मी फट मोजायच्या पातळ पोलादी मोजपट्ट्या घेऊन त्यांनी केलेल्या गाड्या पुन्हा बसवायला लागलो. मला वाटायचं मी फार मोठं काही करतोय. खरं सांगायचं तर रागही यायचा. खोटेपणा मला मुळातच सोसत नाही, आणि इथे रोज दुपारी मीच तो करत होतो.

शेठही काही कमी नव्हते. पूर्वी शनिवारी फाटकातूनच "दाजीभाय!" अशी हाक मारायचे. आता शेडच्या टोकापर्यंत चालत यायचे, वळसा घालून दाजींच्या समोर उभे राहायचे आणि मग ओठ मोठे हलवत हळूच बोलायचे. वजनदार माणूस, धाप लागायची.

एकदा दाजी छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. मी गाडीवर वाकलेलो, मोजपट्ट्या मडगार्डवर पसरलेल्या. दाजींनी त्या एकेक गोळा केल्या, पुसल्या, एकावर एक रचल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. मग छत्री घेऊन जेवायला गेले.

*

वेसाव्याचे हिरा नाखवा मासळीच्या होडीला नवं इंजिन लावणार होते. त्याबद्दल विचारायला आले. पाठमोऱ्या दाजींना त्यांनी तीन हाका मारल्या. चौथी मारली नाही. खाली बसले आणि दाजी वळेपर्यंत वाट बघत राहिले.

इंजिनाचं बोलणं झाल्यावर नाखवा सहज बोलावं तसं म्हणाले, "माझा बापूस वल्हं पाण्यात सोडायचा नि दुसरं टोक कानाला लावायचा. खाली घोळ मासळीचा थवा असला की तो बोलतो, ते वल्ह्यातून चढतं. म्हातारपणी बापसाचा कान गेला. मंग तो वल्हं दातात धरायचा. हाडातून ऐकू येतं म्हणायचा."

दाजी नाखव्यांच्या ओठांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते सागवानाची हातभर काठी तासून घेऊन आले. एक टोक इंजिनावर, एक दातात. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कित्येक महिन्यांत तसं तोंड मी पाहिलं नव्हतं.

"आयकाक येता," काठी दातातून न काढताच ते म्हणाले. "बीएस्सी, आयकाक येता रे!"

त्या दिवशी त्यांनी अंगणातली प्रत्येक गाडी ऐकली. व्हॅन ऐकली. गिरणीत जाऊन गिरणीचं इंजिनसुद्धा ऐकलं. चार-पाच दिवस असं चाललं. पण इंजिनाच्या हादऱ्यानं त्यांचे पुढचे दात, जे आधीच हलत होते, आणखी हलायला लागले. एका सकाळी एक दात काठीतच रुतून बाहेर आला.

दाजींनी तो तळहातावर घेतला. "कान गेलो तो गेलो, दातय घेवन गेलो," म्हणाले आणि हसले. मीही हसलो. काठी त्यांनी शेडच्या आढ्यात खोचून ठेवली. कान गेल्याचं त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते तेवढं एकदाच, आणि मी ते विनोद समजून सोडून दिलं.

*

डॉक्टरांचे भाऊ बोटीवर अधिकारी होते. हिरव्या गाडीसाठी कॅम आणा म्हटल्यावर कुठला आणावा हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून दोन आणले. लाकडी खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेले, ग्रीस लावलेले. एक रस्त्यासाठी, एक शर्यतीसाठी. मी खोक्यावरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या.

मला वाटलं, यात ठरवायचं काय? डॉक्टरांची गाडी आठवड्यातले सहा दिवस पेशंटकडे जाते. रेल्वेच्या फाटकात उभी राहते, कोळीवाड्याच्या गल्ल्यांत चालत्या माणसाच्या वेगानं जाते. इथे सासुरवाशीणच. दाजींनी आयुष्यभर हेच सांगितलं होतं.

"माहेरवाशीण घाल," दाजी म्हणाले.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दाजी म्हणतील तसं." आणि दुसरा कॅम त्यांनी मेणकागदात परत गुंडाळून ठेवला.

शर्यतीचा कॅम बसला. गाडी उभी असली की अंगात आल्यासारखी घुमायची. सावकाश चालवली की प्लग काळे पडायचे. डॉक्टर दोनदा फाटकात अडकले. तिसऱ्यांदा वेसाव्याच्या वाटेवर गाडी बंद पडली आणि ते बॅग घेऊन उन्हातून धावत एका बाळंतिणीकडे गेले. पोचले वेळेवर, पण थोडक्यात.

ते कळलं तेव्हा माझा तोल गेला. दाजी एका इंजिनावर वाकले होते. मी त्यांच्या पाठीमागून ओरडत होतो. जुहूच्या टाळ्यांसाठी त्यांनी डॉक्टरांच्या पेशंटांचा जीव टांगणीला लावला, असं काहीबाही. दाजी शांतपणे नट आवळत होते. माझा एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दाजींचा कान गेला आहे.' मग त्यांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं.

दाजींनी वाचलं. बोट न लावता, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग त्यांनी कमरेचं फडकं काढलं आणि फळा पुसला, चारी कोपरे.

"तुझां अक्षर बरां नाय, बीएस्सी," ते म्हणाले. "माका 'कॅम गेलो' असां वाचूक इलां."

डॉक्टरांची गाडी अंगणातच होती. दाजींनी जाऊन ती चालू केली, माझा हात धरून नेला आणि तळवा मडगार्डवर दाबून ठेवला. त्यावर स्वतःचा. गाडी थरथरत होती. आमचे दोन्ही हात थरथरत होते.

"ही माझ्याशी बोलता," दाजी म्हणाले. "दुसरी गप ऱ्हवता."

*

पुढच्या शनिवारी दाजींनी शेठना सांगितलं की गावी घर शाकारायला झालंय. शेठ समोर उभे राहून, ओठ मोठे हलवत, बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. दाजी मान हलवत राहिले. हत्यारं त्यांनी नेली नाहीत. जाताना मला म्हणाले, "डॉक्टरांक आता सासुरवाशीण घाल."

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. विचारलं, तुम्हाला सगळं माहीत होतं तर तुम्ही तो कॅम का घालू दिलात?

डॉक्टर कुणाचं तरी औषध बाटलीत ओतत होते. "कान दाखवायला तो माझ्याकडे येईल अशी मी वर्षभर वाट पाहिली," ते म्हणाले. "तो आला नाही. मग मी गाडीच पाठवत राहिलो."

मी विचारलं, आणि ती बाळंतीण?

त्यांनी बाटलीला बूच लावलं. "ती चूक माझी. दाजीची नाही. तुझीही नाही." मग कागदाची पट्टी डकवताना म्हणाले, "फळ्यावर लिहिलंस म्हणे."



*

सहा-सात महिन्यांनी दाजी आले. भाचीच्या लग्नासाठी मुंबईला आले होते. हातात आमसुलांची पुरचुंडी, पुढचे तीन दात गेलेले. आधी आढ्याकडे बघितलं. काठी तिथेच होती. मग हत्यारांच्या फळीवरून हात फिरवला.

योगायोगानं डॉक्टरांची गाडी अंगणात होती. सासुरवाशीण मी बसवली होती. एकट्यानं, तीन दिवस लावून, प्रत्येक फट तीनतीनदा मोजून. डॉक्टर नुकतेच आले होते. ते गाडीच्या दाराशी उभे, इंजिन चालू. इतकं शांत की रस्त्यावरून सायकल गेली तिची चेन ऐकू आली.

दाजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. टपाच्या कापडावरून बोट फिरवलं. मग मडगार्डवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि थांबले. आम्ही दोघं बघत होतो. बराच वेळ थांबले. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"चालू कर मरे," दाजी म्हणाले. "बघूया तरी."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आत वाकले, चावी फिरवली आणि गाडी बंद केली. मग सीटवर बसले, बाही सावरली, चावी पुन्हा फिरवली आणि दाजींना दिसेल असा हात लांब करून सेल्फ ओढला. दाजींच्या तळव्याखाली मडगार्डला एक हलका हादरा बसला.

दाजींनी मान डोलावली.

"एका सेल्फात उठली," ते म्हणाले. "कॅम बरो बसयलंस, बीएस्सी."